सर्वांत वंचित 25 गावं कशी निवडायची? जनगणनेचे आकडे आणि पाड्यांचा प्रश्न

तुमचा प्रश्न मला असा समजला. पालघर जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात तुमची संस्था पाणी आणि बालपोषणाचं काम सुरू करते आहे. देणगीदारांना ‘शास्त्रीय पद्धतीने’ निवडलेली 25 गावं हवी आहेत. तुम्ही 2011 च्या जनगणनेतून चौदा निर्देशक घेतले, त्यांचे भारांक, म्हणजे कुठल्या निर्देशकाला किती महत्त्व द्यायचं ते, संगणकाकडून काढून घेतले आणि सगळ्यांचा मिळून एक निर्देशांक तयार केला. पण यादी सहकाऱ्यांनाच पटली नाही. तालुक्याच्या गावाला लागून असलेली तीस-तीस घरांची दोन गावं अगदी वर आली. आणि जिथे पावसाळ्यात एसटी पोचत नाही ते चारशे घरांचं, नऊ पाड्यांचं गाव साठाव्या क्रमांकाच्या खाली गेलं. तुम्ही विचारताय की भारांक चुकले का, 2011 चे आकडे फार जुने झाले का, की सूत्रच बदलायला हवं.

गावपातळीच्या आकड्यांशी माझा वीस-बावीस वर्षांचा संबंध आहे. त्या अनुभवावरून सांगते, भारांकांकडे सगळ्यात शेवटी बघा. तुमच्या यादीतल्या दोन्ही विसंगतींची कारणं आधीच्या पायऱ्यांवर आहेत. लहान गावं वर का आली याचं कारण एक आहे, आणि मोठं गाव खाली का गेलं याचं दुसरं. दुसरं जास्त गंभीर आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

आपण ‘गाव’ म्हणतो ते जनगणनेच्या लेखी महसुली गाव असतं. त्याला सहा आकडी संकेतांक असतो आणि सगळ्या टक्केवाऱ्या त्या संकेतांकासमोर छापलेल्या असतात. पण जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात एका संकेतांकाखाली पाच, सात, कधी दहा पाडे असतात. शाळा, ग्रामपंचायत, उपकेंद्र असलेला मुख्य पाडा रस्त्यावर आणि बाकीचे ओढ्यापलीकडे, टेकडीवर, जंगलाच्या कडेला. या सगळ्यांची मिळून एकच सरासरी निघते. तुमच्या नऊ पाड्यांच्या गावात रस्त्यावरच्या तीन पाड्यांत निम्मी वस्ती असेल, तर उरलेल्या सहा पाड्यांची स्थिती कितीही वाईट असली तरी गावाचा आकडा मधल्या गटातच राहणार.

सरासरीने माणसं झाकली जाण्याचा हा प्रकार आपल्या राज्याला नवा नाही. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने 1984 साली महाराष्ट्राचा विकासाचा अनुशेष काढला, 3,186.78 कोटी रुपये. त्या हिशेबाचं एकक जिल्हा होतं. त्याने विदर्भ-मराठवाड्याचा मुद्दा आकड्यांत मांडला गेला, हे मोठं काम झालं. पण त्याच एककामुळे ठाणे जिल्हा पुढारलेला ठरत राहिला, आणि तुमचा पालघरचा भाग तेव्हा त्यातच होता. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा लोकसंख्येने देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता, 1 कोटी 10 लाखांच्या वर. त्यात ठाणे, कल्याण, नवी मुंबई होती आणि लाखाच्या आतली वस्ती असलेला मोखाडा तालुकाही. त्या जिल्ह्याच्या सरासरीत मोखाडा दिसणार कुठून? पुढे मानव विकास कार्यक्रमात 22 जिल्ह्यांतले 125 तालुके घेतले गेले आणि 2013 साली केळकर समितीने विकासाचा असमतोल तालुक्याच्या पातळीवर बघायचा आग्रह धरला. जिल्ह्याच्या आत तालुका दिसू लागला. तुम्ही आता तालुक्याच्या आत गाव बघताय. तुमच्या भागात अजून एक पायरी उतरावी लागते, आणि ती पायरी छापील कोष्टकात नाही.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका यादीसाठी आम्ही जव्हारकडच्या एका गावात पडताळणीला गेलो. आमच्या निर्देशांकात ते गाव बरोबर मधोमध होतं. रस्त्याला लागून शाळा, दोन दुकानं, कौलारू घरं, बहुतेकांच्या दारात नळ. आकडा बरोबर आहे असं वाटलं. निघताना आशाताई म्हणाल्या, “वाडीवर नाही येणार का?” ओढा ओलांडून वीस मिनिटं चढल्यावर कातकऱ्यांची वाडी लागली. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवत आणि प्लास्टिकचा कागद. वीस-बावीस घरं असतील, त्यातली चार उघडी. बाकीच्यांच्या दाराला कुलूप तरी होतं, नाहीतर दोरीने बांधलेलं झाप. फेब्रुवारी महिना होता. माणसं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली. उघड्या घरांत दोन म्हाताऱ्या होत्या आणि त्यांच्यापाशी ठेवलेली चार मुलं. पाण्याचा एकच हंडा होता. तो ओढ्यातल्या डवऱ्यातून, म्हणजे खणलेल्या खड्ड्यातून, वाटीवाटीने भरलेला. आमच्या तक्त्यात ही वाडी कुठेच नव्हती. तिच्या वाट्याचे आकडे खालच्या गावाच्या टक्केवारीत मिसळून गेले होते.

आता जनगणनेचं वेळापत्रक आठवा. 2011 ची लोकसंख्या मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली आणि 1 ते 5 मार्चला फेरतपासणी झाली. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेली कुटुंबं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, नाहीतर पाऊस तोंडावर आल्यावर परततात. जो माणूस मोजणीच्या पूर्ण काळात गावाबाहेर होता तो गावात मोजला जात नाही. जिथे होता तिथे मोजला जावा अशी अपेक्षा असते. म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबं त्यांच्या गावाच्या आकड्यातून बाहेर पडतात आणि गाव आहे त्यापेक्षा बरं दिसतं. हा दोष कुठल्याही भारांकाने दुरुस्त होत नाही. स्थलांतराचा तालुका असेल तर ही गोष्ट मनात ठेवूनच प्रत्येक स्तंभ वाचावा लागतो.

इथे कोणीतरी सुचवेल की मग अनुसूचित जमातींची टक्केवारी निर्देशक म्हणून घ्या. मी घेत नाही. एक तर जमात म्हणजे वंचना नव्हे. वंचना मोजून ती कोणाच्या वाट्याला किती आली हे नंतर बघायचं असतं. दुसरं म्हणजे तुमच्या तालुक्यात जवळपास प्रत्येक गावाचा हा आकडा नव्वदीच्या आसपास असणार. जो आकडा सगळीकडे सारखाच आहे तो गावागावांतला फरक कसा दाखवणार? आणि खरा फरक आदिवासींच्या आतच आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्राच्या विशेष असुरक्षित यादीत आहेत. पण गावपातळीच्या कोष्टकात वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी सगळे एकाच स्तंभात येतात. ज्या वाडीसाठी आपण ही सगळी यातायात करतो, तिचं नावसुद्धा त्या स्तंभात नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता लहान गावांकडे. तीस घरांच्या गावात तीन घरं इकडची तिकडे झाली की टक्केवारी दहाने हलते. त्यामुळे कुठल्याही यादीच्या अगदी वर आणि अगदी खाली लहानच गावं गोळा होतात. ती वाईट असतात म्हणून किंवा चांगली असतात म्हणून तसं होत नाही. आकडा लहान असतो म्हणून होतं. यावरचा उपाय फार अवघड नाही. गावाची टक्केवारी तालुक्याच्या सरासरीकडे थोडी ओढून घ्यायची. लहान गाव जास्त ओढायचं, मोठं कमी. समजा तालुक्यात 50 टक्के कुटुंबांना पाणी दूरवरून आणावं लागतं. 24 घरांच्या गावात 18 घरांना, म्हणजे 75 टक्क्यांना. 400 घरांच्या गावात 280 घरांना, म्हणजे 70 टक्क्यांना. गावाच्या स्वतःच्या आकड्याला किती मान द्यायचा, तर घरांची संख्या भागिले घरांची संख्या अधिक 30. लहान गावाला 24 भागिले 54, म्हणजे 0.44. मोठ्याला 400 भागिले 430, म्हणजे 0.93. उरलेला मान तालुक्याच्या सरासरीला. हिशेब केला तर लहान गाव 61 वर येतं आणि मोठं 69 वर. क्रम उलटला. हा 30 आकडा कुठून आला, तर गावागावांत प्रत्यक्षात किती तफावत आहे यावरून तो काढता येतो. तेवढं जमत नसेल तर 20, 30 आणि 50 घेऊन तीनदा करून बघा आणि क्रम किती हलतो ते पाहा.

पण हा उपाय डोळे मिटून वापरू नका. जनगणना म्हणजे नमुना नाही, सगळ्यांची मोजणी आहे. त्या दिवशी 24 पैकी 18 घरांना पाणी दूर होतं हे खरंच होतं. कदाचित ते 24 घरांचं गाव म्हणजे खरोखरच एखादी एकाकी वाडी असेल, आणि आपण तिला सरासरीकडे ओढून पुन्हा अदृश्य करू. म्हणून मी पन्नास घरांखालची गावं क्रमवारीत ठेवतेच, पण त्यांची वेगळी यादीही करते आणि ती सगळी पायी फिरून बघते. तुमच्या तालुक्यात अशी फार तर पंधरा-वीस निघतील. आठवड्याचं काम आहे. जन्म-मृत्यू किंवा आजाराच्या नोंदींचं मात्र वेगळं आहे. तिथे वर्षाला दोन-तीन घटनांचा प्रश्न असतो, तेव्हा सरासरीकडे ओढल्याशिवाय गावाची तुलना करूच नका.

निर्देशक निवडताना चौदा फार झाले. मी सहा-सात पुरेसे समजते, आणि प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारते: हा आकडा वाढला तर माणसाचं नक्की काय कमी होतं? उत्तर सांगता आलं नाही की तो निर्देशक बाहेर. तुमच्या यादीत लिंग-गुणोत्तर आहे. दोनशे माणसांच्या गावात त्याला काही अर्थ राहत नाही. ‘इतर कामगार’ आहे. त्या स्तंभात वीटभट्टीवरचा मजूर आणि शाळेतले गुरुजी दोघंही येतात, कारण शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योग सोडून उरलेले सगळे तिथे जातात. तुमच्या भागात शेतमजुरांची टक्केवारी कमी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, मजुरी आहे ती भट्टीवर. त्यापेक्षा सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले, म्हणजे सीमांतिक कामगार, हे प्रमाण जास्त बोलकं आहे. कुडाच्या किंवा बांबूच्या भिंती हा निर्देशकही जपून. कारवीचा कुड, शेणामातीचा गिलावा आणि वर चांगली कौलं असलेलं वारली घर खाऊनपिऊन सुखी कुटुंबाचं असू शकतं. एकच खोली असलेली किंवा स्वतंत्र खोलीच नसलेली घरं किती, हे बघणं बरं.

स्त्री-साक्षरता मात्र ठेवाच, फक्त छेद तपासा. ही चूक मी इतक्या अहवालांत पाहिली आहे की सांगायची सोय नाही. साक्षरता सात वर्षांवरच्या लोकसंख्येवर काढायची असते. हजार बायका-मुलींपैकी 200 सहा वर्षांपर्यंतच्या असतील आणि 480 साक्षर असतील, तर साक्षरता 480 भागिले 800, म्हणजे 60 टक्के. हजाराने भागलं तर 48 येते. ज्या गावांत लहान मुलं जास्त, ती गावं विनाकारण जास्त मागास दिसतात. तुमच्या तक्त्यात मला हीच शंका आहे, कारण तुम्ही लिहिलेला तालुक्याचा आकडा जरा जास्तच कमी वाटतो.

पाण्यासाठी घरयादीतला, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या टप्प्यात होणाऱ्या घरांच्या नोंदीतला, ‘पाणी दूर’ हा स्तंभ घ्या. ग्रामीण भागात 500 मीटरच्या पलीकडे म्हणजे दूर. ही व्याख्या सपाटीवर ठीक आहे. दरीत 300 मीटर खाली असलेली विहीर तिथे ‘जवळ’ गणली जाते, आणि भरलेले हंडे घेऊन वर चढणाऱ्या बाईला ती जवळ नसते. तरीही उपलब्ध स्तंभांत हा सर्वांत कामाचा आहे. नळाचा स्तंभ घेऊ नका.

यावरून तुमचा दुसरा प्रश्न: आकडे जुने झाले का? काही झाले, काही नाही. घरयादीचे आकडे 2010 सालचे आहेत. त्यानंतर 2014 च्या ऑक्टोबरात स्वच्छ भारत आलं, 2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला, 2017 मध्ये घरोघर वीजजोडणीची योजना, 2019 च्या ऑगस्टमध्ये जल जीवन. म्हणजे संडास, गॅस, वीज, नळ या चारही बाबतींत 2010 ची क्रमवारी आज लागू होईलच असं नाही. मोबाइलचं तर बोलायलाच नको. हे सगळे स्तंभ मी काढून टाकते. पण चाळीस वर्षांच्या बाईला तेव्हा वाचता येत नव्हतं, तर आज पंचावन्नाव्या वर्षीही बहुधा येत नाही. गाव डोंगरावर होतं ते डोंगरावरच आहे. जमीन कोणाकडे होती, हे चित्रही फार हळू बदलतं. हळू बदलणाऱ्या गोष्टी जुन्या आकड्यांतून घ्या आणि झपाट्याने बदलणाऱ्या नव्या नोंदींतून. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे गावपातळीचे आकडे हाती येईपर्यंत तुमची पहिल्या टप्प्याची तीन वर्षं निघून जातील, त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही.

नव्या नोंदी म्हणजे अंत्योदय अभियानाचं गावनिहाय सर्वेक्षण, शाळांची युडायस ही वार्षिक माहिती, अंगणवाडीची वजनं, नळजोडण्यांची संख्या. यात दोन धोके आहेत. पहिला, नोंद योजनेची असते, माणसाच्या हाती काय आलं याची नसते. एका पाड्यावर मी प्रत्येक दारात निळ्या पाइपला बसवलेली नळाची तोटी पाहिली आहे; नोंदीत जोडणी शंभर टक्के. एप्रिलमध्ये त्यातल्या एका तोटीला शेळी बांधलेली होती. पाणी होळीपासून आलेलं नव्हतं. आणि हा तो भाग आहे जिथे पावसाळ्यात धो धो पाणी कोसळतं.

दुसरा धोका तुमच्या बालपोषणाच्या कामाशी थेट भिडतो. जी अंगणवाडी सेविका दर महिन्याला सगळ्या मुलांचं वजन-उंची नीट घेते, तिच्या गावात कुपोषण जास्त दिसतं. जिथे वजनकाटा बंद आहे किंवा पाच पाड्यांना मिळून एकच सेविका आहे, तिथे मुलं नोंदीत ‘सर्वसाधारण’ राहतात. कुपोषणाचा आकडा सरळ निर्देशांकात घातला तर चांगलं काम करणाऱ्या सेविकेचं गाव वंचित ठरतं आणि दुर्लक्षित गाव यादीतून गळतं. म्हणून आधी बघा, गावातल्या किती टक्के मुलांचं वजन घेतलं गेलं. हे प्रमाण कमी असेल तर कुपोषणाचा आकडा कोराच ठेवा आणि ते गाव पडताळणीच्या यादीत टाका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे गावाला लावता येतील का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. पाचवी फेरी 2019 ते 2021 मध्ये झाली, तिचा नमुना जिल्ह्यापुरताच पुरतो. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा निर्देशांकही त्याच सर्वेक्षणावर उभा आहे, म्हणून तोही जिल्ह्याच्या खाली उतरत नाही. त्या निर्देशांकाची रीत मात्र समजून घ्या. तिथे एकाच कुटुंबावर किती अभाव एकत्र कोसळले आहेत हे मोजतात. गावाच्या टक्केवाऱ्यांतून ते कळत नाही. गावात 40 टक्के घरांना पाणी दूर आणि 40 टक्के घरांत एकच खोली, एवढं कळतं. ती तीच घरं आहेत की वेगळी, हे कळत नाही. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातिनिहाय गणनेत कुटुंबाचे सात अभाव तपासले होते, त्यात भूमिहीन मजूर कुटुंब आणि पंचविशीवरचं कोणीही साक्षर नसलेलं कुटुंब हेही होते. त्याची गावपातळीवरची मोजदाद मिळाली तर जरूर वापरा.

आता भारांक. तुम्ही ‘पीसीए’ने भारांक काढले. हे अक्षर जनगणनेच्या प्राथमिक साराला पण वापरतात आणि प्रमुख घटक विश्लेषणाला पण, त्यामुळे तुमच्या टिपणात दोन ठिकाणी घोळ झाला आहे, तो आधी निस्तरा. विश्लेषणाची पद्धत फक्त एवढंच बघते की कुठले आकडे एकमेकांबरोबर हलतात. माणसाच्या जगण्यात काय महत्त्वाचं आहे हे तिला माहीत नसतं. तुम्ही नगरपंचायतीचा भाग आणि गावं एकत्र घातलीत, तर पहिला घटक बहुतेक वेळा ‘शहरीपणा’ मोजतो. टीव्ही, स्कूटर, नळ, बँक एकत्र हलतात, त्यांना मोठे भारांक मिळतात, आणि पाणी, साक्षरता मागे पडतात. मी शहरी भाग आधीच वेगळा काढते आणि भारांक माणसांनी बसून ठरवलेले वापरते.

शिवाय सगळे निर्देशक एका टोपलीत टाकून बेरीज करू नका. इंग्लंडचा बहुविध वंचना निर्देशांक 2019 मध्ये 32,844 छोट्या क्षेत्रांसाठी काढला गेला. प्रत्येक क्षेत्रात सरासरी दीड हजार माणसं. त्यात सात विषयगट आहेत. उत्पन्न आणि रोजगार यांना प्रत्येकी 22.5 टक्के भार, शिक्षण आणि आरोग्य यांना प्रत्येकी 13.5 टक्के, बाकी तिघांना प्रत्येकी 9.3 टक्के. तो भार इथे उचलून लावायचा नाही, पण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. आधी गटागटाचे गुण काढून मग ते जोडायचे. आणि जोडण्यापूर्वी गुणांचं रूपांतर असं करायचं की एका गटातली टोकाची वंचना दुसऱ्या गटातल्या बऱ्या स्थितीने पूर्ण भरून निघू नये. आपल्या भाषेत, दारात डांबरी रस्ता आहे म्हणून तहान भागत नाही. तेवढं गणित जमत नसेल तर गुण वंचनेऐवजी बऱ्या स्थितीचे मांडा, म्हणजे जास्त गुण तर चांगली स्थिती, आणि गटांची गुणोत्तरीय सरासरी घ्या, म्हणजे बेरजेऐवजी गुणाकारावरून काढलेली. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांकही 2010 पासून तशीच घेतो.

तुमच्यासाठी मी तीन गट करीन: पहिला माणसांची स्थिती, म्हणजे स्त्री-निरक्षरता, सीमांतिक काम, एक खोलीची घरं; दुसरा पाणी; आणि तिसरा ठिकाणाची अडचण, म्हणजे दवाखाना, बस, बारमाही रस्ता. तिसरा गट पहिल्यात मिसळू नका. रस्त्यावरच्या गावातही भुकेलं घर असतं. जनगणनेच्या ग्राम निर्देशिकेत सुविधा गावात नसेल तर अंतराचा टप्पा दिलेला असतो, 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10, किंवा 10 च्या वर. ते पुरेसं आहे. काम पाण्याचं आणि पोषणाचं आहे म्हणून पहिल्या दोन गटांना जास्त भार द्या, आणि का दिला ते अहवालात एका वाक्यात लिहा. देणगीदारांना शास्त्रीय हवं आहे ना, तर कारण सांगितलेला भारांक हाच शास्त्रीय.

तक्ते जोडताना नावावर भरवसा ठेवू नका. खुर्द आणि बुद्रुक एकमेकांत सरमिसळ होतात, एकाच नावाची दोन गावं निघतात, आणि जुन्या फाँटमधल्या ग्रामपंचायत याद्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं मोडतात. संकेतांकावरच जोडा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्यामुळे 2011 च्या कोष्टकांत तुमचा तालुका ठाण्याखाली आहे, जिल्हा संकेतांक 517. नंदुरबारकडे कधी काम केलंत तर लक्षात ठेवा, लोक धडगाव म्हणतात तो तालुका कोष्टकात अक्राणी आहे.

मग निर्देशांक एकदाच काढून थांबू नका. भारांक बदलून, एकेक निर्देशक वगळून, लहान गावांना कमी-जास्त ओढून आठ-दहा वेळा काढा. काही गावं प्रत्येक वेळी पहिल्या पंचविसात राहतील, ती निश्चित. काही कधी आत, कधी बाहेर, ती संशयित. 24 वं गाव आणि 27 वं गाव यांत फरक आहे असं आकडे सांगत नाहीत, ते आपण सांगतो. म्हणून क्रमांक छापू नका, गट छापा.

तुमच्या जागी मी असते तर आकड्यांतून साठ गावं निवडली असती, आणि त्या साठांचे पाडे लिहून काढले असते. पाड्यांची नावं मतदार यादीच्या विभागांत मिळतात, आशाताईंच्या कुटुंब नोंदीत मिळतात, अंगणवाडीच्या सर्वेक्षण वहीत मिळतात. प्रत्येक पाड्यासाठी मोजकी माहिती आशा किंवा सेविकेकडून घ्या: घरं किती, एप्रिलमध्ये पाणी कुठून आणि किती वेळात, पावसाळ्यात आजारी माणसाला न्यायला वाट राहते का, अंगणवाडी पाड्यावर आहे की दुसरीकडे, दिवाळीनंतर किती घरांना कुलूप लागतं. साठ गावांचे तीनशे-साडेतीनशे पाडे होतील. दोघं-तिघं मिळून सहा आठवड्यांत होतं. मग देणगीदारांना 25 गावांऐवजी ऐंशी-नव्वद पाड्यांची यादी द्या, गावनिहाय लावून. त्यांचा आग्रह गावांचाच असेल, तर ज्या गावांत हे पाडे सर्वाधिक आहेत ती 25 द्या. टक्का आणि संख्या दोन्ही दाखवा. पन्नास घरांच्या गावात 80 टक्के म्हणजे 40 कुटुंबं, सहाशे घरांच्या गावात 40 टक्के म्हणजे 240. निवड काहीही करा, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून करा.

थोडक्यात क्रम असा: नगरपंचायतीचा भाग वेगळा काढा, साक्षरतेचा छेद तपासा, जुने झालेले स्तंभ वगळा, लहान गावं सांभाळा, तीन गट करून जोडा, अनेकदा काढून बघा, आणि मग पाड्यांवर उतरा. तुमचं नऊ पाड्यांचं गाव पहिल्या साठात येत नसेल तरी घ्या. सहकाऱ्यांना ते खटकलं, एवढं कारण पडताळणीला पुरे आहे.

आणि ही पायपीट दिवाळीच्या आधी करा. भाऊबीज झाली की भट्टीवाल्यांचे टेम्पो पाड्यावर येऊ लागतात. त्यानंतर गेलात तर ज्या माणसांसाठी यादी करताय, ती भेटणार नाहीत.